रेस्क्यू केलेला गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा घरी आणलाय? मग या चुका टाळा

"गोल्डन आहे ना, मग लगेच घर मिळेल" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. घर मिळतं हो लगेच, पण त्यातले किती आमच्याकडे, म्हणजे असे कुत्रे सांभाळून त्यांना घर शोधून देणाऱ्यांकडे, परत येतात ते कोणी विचारत नाही. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकते.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर खायला घालणं. गोल्डनचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, इतका दाट असतो की लांबून तो बरा दिसतो, पाठीवरून बरगड्यांवरून हात फिरवला की कळतं आत नुसती हाडं आहेत. बंड्या आमच्याकडे आला तेव्हा १८ किलोचा होता, पूर्ण वाढ झालेला नर २९ ते ३४ किलोचा असायला हवा. ज्या मुलाने त्याला आधी दोन दिवस ठेवलं होतं त्याने प्रेमाने वाडगे भरभरून घातले आणि बंड्याने ते फस्त केले, कारण गोल्डन कधी नको म्हणतच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठताच येईना, मान टाकलेली, पाय थरथरतायत. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम खाणं गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तात ते इतकं कमी पडतं की हृदय, श्वास सगळंच डगमगतं. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. चार दिवस सलाईनवर काढले, वाचला. तो मुलगा कोपऱ्यात बसून रडत होता, त्याला काय बोलणार?

माझं गणित आज काट्यावर जे वजन दिसतंय त्यावर असतं, जे व्हायला हवं त्यावर नाही. १८ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ६१० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्यातला पाव भाग, तोही सहा वेळा विभागून, आणि मग वाढवत वाढवत पूर्ण खाण्यावर यायला पाच-सहा दिवस. रक्ततपासणी त्याच्या आधी. आणि मोजायचं ते वाटीने, त्याच्या तोंडाकडे बघून नाही, जेवून पाच मिनिटं झाली तरी गोल्डनचं तोंड उपाशीच दिसतं.

टिक फिव्हरच्या (गोचीड चावून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आठव्या दिवशी बंद करणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. त्याचा एर्लिकिया हा जंतू निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस चालतं, कुत्रा शेपूट हलवायला लागला म्हणजे आजार गेला असं नसतं.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन घरात आहे म्हणून देऊ नका. बस.

उन्हाळा आला म्हणून कोट भादरू नका, विंचरा. कान खाजवतोय म्हणून कुठलातरी ड्रॉप ओतू नका, पडदा फाटलेला असेल तर आणखी नुकसान होतं, आधी डॉक्टरला आत बघू दे. नसबंदी न झालेली मादी अचानक पाणी जास्त प्यायला लागली आणि माज येऊन महिना-दीड महिना झाला असेल तर उद्यावर टाकू नका, गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

आणि ते थायरॉइड! गोल्डनमध्ये थायरॉइड कमी असणं नवीन नाही, ते खरंच. पण आजारी कुत्र्याचा टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, त्या आजारामुळेही खाली येतो. एका रिपोर्टवरून जन्मभराच्या गोळ्या सुरू करण्यापेक्षा आधी अंगातलं इन्फेक्शन संपू द्या, मग टीएसएच या दुसऱ्या हार्मोनच्या तपासणीसकट परत टेस्ट करा. पण लोकांना धीर नसतो, गोळी दिली की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आता घर देण्याबद्दल. साखर नावाची मादी आम्ही पाचव्या दिवशी दिली होती आणि ही चूक माझी स्वतःची आहे. पाच दिवस इतकी गुणी होती की कोणी काही काढून घेतलं तरी हूं की चूं नाही, आणि मी म्हटलं वा, लहान मुलांच्या घरात चालेल. ती गुणी नव्हती, घाबरून गप्प होती. तीन आठवड्यांनी तिथे जीव रमला, तेव्हा खरी साखर बाहेर आली, जेवणाजवळ कोणी आलं की गुरगुरायची. मुलाने वाडग्यात हात घातला, तिने हवेत दात मारले, रात्री दहाला फोन, "घेऊन जा." त्यांचं काय चुकलं? मी त्यांना अर्धाच कुत्रा दाखवला होता.

तेव्हापासून तीन आठवडे माझ्याकडे राहिल्याशिवाय कुत्रा हलत नाही, मग समोरचा कितीही घाईत असो. सोबत फाईल जाते, त्यात जखमा, औषधं, काय खाल्लं की जुलाब होतात सगळं. हार्टवर्मची (हृदयात होणाऱ्या जंतांची) टेस्ट निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी परत करायची तारीख मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण नव्या लागणीत पहिले पाच-सहा महिने ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. "एवढे कागद?" असं तोंड वाकडं करणाऱ्याला मी कुत्रा देत नाही.

साखरला दुसरं घर मिळायला चार महिने लागले. दोन वयस्क माणसं, ती जेवताना दार लोटून घेतात.