पोटाच्या तक्रारींवर घरगुती औषध घेताना या चुका टाळा

गॅस धरला की ओवा, मळमळलं की आलं, पोट साफ होत नसेल तर इसबगोल. घरातली ही औषधं टाकाऊ मुळीच नाहीत, काहींच्या मागे चांगला शास्त्रीय पुरावाही आहे. त्रास होतो तो तक्रार एक आणि औषध भलतंच घेतल्यामुळे, किंवा घेण्याची रीत चुकल्यामुळे.

इसबगोल कमी पाण्यात घेणं

बद्धकोष्ठतेवर इसबगोलाचा उपयोग माणसांवरच्या चाचण्यांत दिसून आला आहे. त्याचा भुसा पाणी शोषून फुगतो आणि मल मऊ करतो. पण चमचाभर भुसा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी प्यायलात, तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळा, घट्ट व्हायच्या आत प्या आणि वर आणखी पाणी घ्या. अगदी झोपता झोपता घेऊ नका. गिळायला त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. रोजच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर हवं.

पूर्ण गुण यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तेवढा धीर न धरता लोक सोनामुखीच्या चूर्णाकडे वळतात. सोनामुखी आतड्याला चेतवते, सकाळी पोट साफ होतं, म्हणून तिची सवय लागते. अधूनमधून ठीक आहे; डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने रोज घेणं मात्र चूक. जुलाब होत राहिले तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

छातीत जळजळतंय आणि पुदिना

पुदिन्याच्या तेलातलं मेन्थॉल आतड्याचे स्नायू सैल करतं. म्हणूनच आयबीएसच्या (वारंवार पोटात मुरडा, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होणारा आतड्याचा जुनाट विकार) रुग्णांना, आतड्यात पोचल्यावर विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून हे तेल दिल्यावर, मुरडा कमी झालेला दिसला. पण जठराच्या तोंडाशी असलेली झडपही त्यानं सैल पडते आणि आम्ल वर येतं. पित्ताचा त्रास असेल तर पुदिना नको. ज्येष्ठमधही रोज घेऊ नका, रक्तदाब वाढतो.

सगळ्या औषधांना एकाच मापानं मोजणं

गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. ओव्यातल्या थायमॉल या घटकावर प्रयोगशाळेत काम झालंय, माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्याच. जेवणानंतर चिमूटभर ओवा चावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका.

तान्ह्या बाळाला घुटी

इथे मी कुणाचाही आग्रह मानणार नाही. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग उगाळून मधात चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको; त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय किती वळसे उगाळले, सहाण कुठे ठेवली होती, पाणी उकळलेलं होतं का, याचा मेळ कोण ठेवतो? पहिले सहा महिने आईचं दूधच.

थांबण्यासारखं नसताना थांबणं

बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, सोबत ताप, उलट्या: हे अपेंडिक्स असू शकतं, एरंडेल देऊ नका. काळी शौच किंवा कारण नसताना घटणारं वजन असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाब, दरदरून घाम, हात किंवा जबडा दुखणं याला ‘गॅस असेल’ म्हणत ओवा शोधत बसू नका, १०८ला फोन करा.