परदेशी लाकूड घेताना ते कोणाच्या जंगलातून आले, हे कसे तपासावे

सोलापुरात घर बांधताना देशी सागवान परवडत नाही, म्हणून चौकटी आणि दारांसाठी बाहेरचे लाकूड घेण्याचा सल्ला मिस्त्री देतात आणि वखारीत मेरांटी, पडौक, घाना साग, इक्वेडोर साग अशी नावे कानावर पडतात. यांतील काही लाकूड लागवडीचे असते, काही रीतसर परवानगीने तोडलेले असते. परंतु काही लाकूड वर्षावनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींच्या जमिनीवरून, त्यांची संमती न घेता तोडून आणलेले असते. दुकानातील फळीकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही. तो कागदांतून आणि नेमक्या प्रश्नांतून शोधावा लागतो, आणि तो आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच शोधावा, कारण नंतर कोणी उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाही.

सुरुवात जात आणि देश यांपासून करावी. ‘हार्डवूड’ किंवा ‘मलेशियन साग’ ही केवळ बाजारातील नावे आहेत. झाडाचे शास्त्रीय नाव आणि तोड झालेला देश कोणता, हे विचारावे. एवढ्या माहितीवरूनही बरेच कळते. साग हे मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस येथील झाड आहे. त्यामुळे घाना किंवा इक्वेडोरचा साग खरोखरच साग असेल, तर तो लागवडीचाच असणार, नैसर्गिक वर्षावनातला नव्हे. मात्र लागवडीची ती जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न तेथेही उरतो. ‘बर्मा साग’ म्हणून कोणी ओंडके देऊ केले तर अधिक सावध राहावे, कारण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातलेली आहे.

देश कळला की तेथे जमिनीचे काय झाले, हे पाहावे. मलेशियातील सारवाक राज्यात पेनान आदिवासींनी १९८७ मध्ये बाराम खोऱ्यात लाकूडतोडीच्या रस्त्यांवर अडथळे उभारून वाहने रोखली होती. याच सारवाकच्या ओंडक्यांचा भारत अनेक वर्षे मोठा ग्राहक राहिला आहे, म्हणून हा प्रश्न आपल्यापासून दूरचा मानता येत नाही. पापुआ न्यू गिनीत बळकावणीची पद्धत वेगळी होती: शेती प्रकल्पाच्या नावाखाली आदिवासी कुळांची परंपरागत जमीन सरकारने भाडेपट्ट्याने घ्यायची, ती ९९ वर्षांपर्यंत कंपन्यांच्या हाती द्यायची आणि प्रत्यक्षात तेथील जंगल तोडून लाकूड निर्यात करायचे. अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टर जमीन गुंतली. २०११ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने अहवाल दिलेल्या ४२ पट्ट्यांपैकी केवळ ४ पट्ट्यांत जमीनमालकांची खरी संमती आणि चालण्याजोगा शेती प्रकल्प आढळला. म्हणजे पट्टा सरकारी शिक्क्याचा होता, पण संमती नव्हती.

ब्राझीलमध्ये चोरीच्या लाकडाला कागद मिळवून दिले जातात. १९८८ च्या राज्यघटनेने तेथील आदिवासींचा आपल्या भूमीवरील मूळ हक्क मान्य केला आहे. त्या भूमीवरून चोरलेले ईपेसारखे मौल्यवान लाकूड खपवण्यासाठी दुसऱ्या, परवाना असलेल्या जंगलाच्या नोंदींत त्या जातीची झाडे फुगवून दाखवली जातात आणि त्या वाढीव झाडांच्या नावे चोरीचा माल बाहेर पडतो. हे थांबवण्यासाठी आदिवासी स्वतः पहारा देतात आणि त्यात जिवास मुकतात. आरारिबोया भूमीतील वनरक्षक पाउलो पाउलिनो ग्वाजाजारा यांची नोव्हेंबर २०१९ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. म्हणून कागद पाहावेत, पण केवळ कागद आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये.

वखारवाल्याकडे आयातीचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेला आयातीचा कागद), मूळ देशाचा दाखला आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांच्या प्रती मागाव्यात. त्याने माल कांडला-गांधीधामच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला असेल, तर त्या बिलावरील जात, देश आणि घनफूट आपल्याला विकल्या जाणाऱ्या मालाशी जुळतात का, हे पाहावे. ओंडक्याच्या तोंडावर ठोकलेला क्रमांक किंवा प्लॅस्टिकची पट्टी आरा गिरणीत पहिल्याच कापात निघून जाते. म्हणून ओंडका समोर असेल तर कापण्याआधी त्या टोकाचे छायाचित्र घ्यावे. आफ्रिकी पडौक आणि ईपे या जातींचा समावेश नोव्हेंबर २०२२ मधील पनामा परिषदेत साइटिस कराराच्या (धोक्यातील वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला असून ही नोंद आता लागू आहे. त्यामुळे ती लागू झाल्यानंतरच्या आयातीच्या साइटिस परवान्याची प्रत विचारण्यास संकोच करू नये.

‘एफएससी’चे (जंगलांचे जबाबदार व्यवस्थापन प्रमाणित करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) चिन्ह दाखवले गेले, तर ते केवळ फलकावर असून चालत नाही. साखळीतील प्रत्येक व्यापाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र लागते आणि आपल्या बिलावर तो दावा व विक्रेत्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असावा लागतो. संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून प्रमाणपत्र चालू आहे की रद्द झाले आहे, हे लगेच तपासता येते. कागदांवर तोडीच्या जिल्ह्याचे किंवा वनक्षेत्राचे नाव असेल, तर ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’च्या मोफत नकाशावर तेथील वृक्षाच्छादन कोणत्या वर्षी घटले, तेही पाहावे.

उत्तरे मिळाली नाहीत तर माझे मत स्पष्ट आहे: ते लाकूड घेऊ नये. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान सुताराकडून रंधून घेतले, तर उत्तम चौकटी होतात. आपल्या भागात कडुनिंब आणि बाभूळ पूर्वीपासून वापरात आहेत. तेथेही तोड परवानगीने झाली का, हे विचारावे, कारण सोलापूर जिल्ह्यात जंगल आधीच तुटपुंजे आहे. येथील अवैध तोडीची किंवा वाहतुकीची शंका आल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. साइटिस यादीतील परदेशी जातीचा माल विनापरवाना आलेला वाटल्यास वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिला बिलाची प्रत, ओंडक्याच्या टोकाचे छायाचित्र व खरेदीची तारीख जोडावी.