जर्मन वॉल्थर की अमेरिकन वॉल्थर? पीपीके घेताना या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना पिस्तुलांची आवड आहे ते कधी ना कधी वॉल्थर या जर्मन कंपनीच्या पीपीके या छोट्या पिस्तुलापाशी येतातच, आणि आले की पहिला प्रश्न ठरलेला, जर्मन घेऊ की अमेरिकन. उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, जर्मन म्हणजे भारी आणि अमेरिकन म्हणजे नक्कल. हे ऐकून ऐकून कान किटले, कारण यातल्या बहुतेकांनी हातातल्या पिस्तुलावर काय कोरलंय ते धड वाचलेलंच नसतं.

स्लाइडवर वॉल्थर आहे म्हणजे जर्मन

ही चूक सगळ्यात महागात पडते. स्लाइडवरचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरचा, वॉल्थरचा तो रिबिनीसारखा लोगो जर्मन पिस्तुलावरही असतो आणि अमेरिकनवरही, कारण अमेरिकेत बनलेली पिस्तुलं रीतसर परवाना घेऊन बनवलेली आहेत. 1978 पासून इंटरआर्म्स ही व्हर्जिनियाच्या अलेक्झांड्रियातली कंपनी पीपीके/एस (पीपीकेचाच एक प्रकार, पुढे येईलच) अमेरिकेत बनवून घ्यायला लागली, प्रत्यक्ष काम अलाबामातल्या गॅड्सडेनला व्हायचं. मग 2002 पासून स्मिथ अँड वेसननं मेन राज्यातल्या हौल्टनला बनवली आणि त्यानंतरची आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथमधून आली. लोगो सगळीकडे तोच.

आमच्या ओळखीतला एक पोरगा, मूळ नगरचा, इथे डॅलसला आयटीत. गन शोमध्ये गेला, टेबलावर चकचकीत स्टेनलेसची पीपीके/एस दिसली, विक्रेता म्हणाला अस्सल जर्मन, यानं लोगो बघितला आणि जवळजवळ दीडपट पैसे मोजून मोकळा. घरी बोलावून मला कौतुकानं दाखवली. मी पिस्तूल उजवीकडे वळवलं तर इंटरआर्म्स, अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया आणि मेड इन यूएसए एवढं स्पष्ट कोरलेलं! तिथल्या तिथे दहा सेकंद वाचलं असतं तरी पैसे वाचले असते. शिवाय जुनी पीपीके/एस स्टेनलेसची दिसली की तिथेच शंका यायला हवी, ती भानगड इंटरआर्म्सच्या काळात अमेरिकेत सुरू झाली, जर्मनीतल्या उल्मच्या कारखान्याची पिस्तुलं ब्लूइंग केलेली, म्हणजे पोलादावर काळसर थर चढवलेली असायची. पोरगं वाईट नाही पण घाई फार, आणि गन शोला घाई करणाऱ्याचेच पैसे जातात. त्यात पिस्तूल खराब होतं असंही नाही, उत्तम चालतं ते. फक्त किंमत चुकीची दिली.

मी स्वतः काय करतो तर आधी मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघतो आणि बोटानंही चाचपतो, आणि मगच उजेडात धरून वाचतो. जर्मनीत पिस्तूल विकण्याआधी सरकारी प्रूफ हाऊसमध्ये जादा दाबाचं काडतूस झाडून तपासावं लागतं आणि त्याचा शिक्का उठतो. उल्मचा शिक्का म्हणजे सांबराचं शिंग, सोबत गरुड आणि खाली एन, आणि वर्ष. वर्ष कधी आकड्यात असतं, कधी अक्षरात, ए म्हणजे 0, बी म्हणजे 1 असं मोजत जायचं, म्हणजे एचएच असेल तर 1977. अमेरिकेत असं सरकारी प्रूफ सक्तीचं नाही त्यामुळे तिथल्या मालावर शिंग सापडत नाही. शिंग नाही आणि विक्रेता उल्म उल्म करतोय तर नमस्कार करून पुढच्या टेबलावर जायचं.

उल्म लिहिलंय म्हणजे शंभर टक्के जर्मन

आता याच्या उलट बाजू, आणि ही सांगितली की लोक चिडतात. युद्धाआधीची पीपीके थुरिंजियातल्या झेला-मेहलिसची. 1945 नंतर तो भाग रशियनांकडे गेला, वॉल्थरचं बस्तान उल्मला हललं, पण पीपी (पीपीकेची मोठी बहीण) आणि पीपीके बनवायचा परवाना 1952 मध्ये फ्रान्सच्या मॅन्युरिनला दिला होता, अल्सासमधल्या मुलूझला. पुढे उल्मच्या नावानं जी विकली गेली त्यांचेही मुख्य भाग मुलूझलाच घडवलेले, उल्मला फिनिशिंग, तपासणी, शिक्का. हे 1986 पर्यंत चाललं. आमच्या रेंजवरच्या एका काकांना हे सांगितलं, त्यांच्या 71 च्या शिंगवाल्या पिस्तुलाबद्दल, तर त्यांनी बरेच दिवस मला चहाला विचारलं नाही. पण काका, फ्रेंचांनी काम इतकं सुंदर केलंय की लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही. स्लाइड मागे घेताना ती जी मऊ सरकते ना, ते मुलूझच्या कारागिरांचं श्रेय आहे, ते त्यांना द्या.

पीपीकेची तुलना पीपीके/एसशी करणं

"अमेरिकन जड लागते, जर्मन हातात मस्त बसते." अरे बाबा, तू एकाच पिस्तुलाची तुलनाच करत नाहीयेस! 1968 चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला, आयात होणाऱ्या पिस्तुलांना मापाची अट लागली आणि पीपीके उंचीत कमी पडली. मग वॉल्थरनं पीपीची मोठी फ्रेम घेऊन त्यावर पीपीकेची आखूड स्लाइड बसवली, ती पीपीके/एस. वजन साधारण 50 ग्रॅम जास्त, .380 कॅलिबरमध्ये सहाऐवजी सात काडतुसं, आणि मागच्या बाजूला फ्रेमचंच लोखंड. खऱ्या पीपीकेत मागची बाजू एकसंध गुंडाळलेल्या ग्रिपची, म्हणजे मुठीच्या आवरणाची असते, म्हणून ती हातात वेगळी लागते. हा फरक मॉडेलचा आहे, देशाचा नाही. आयातीची अट असल्यामुळे अमेरिकेत बनलेल्या पिस्तुलाला ती लागूच नव्हती, म्हणून नंतर साधी पीपीकेसुद्धा इथेच बनू लागली. तुलना करायचीच तर पीपीके समोर पीपीके ठेवा, कॅलिबर एक, गोळ्या एकाच डब्यातल्या, स्प्रिंग दोन्हीत नवी. तीस वर्षं बदललेली नसलेली स्प्रिंग घालून जर्मन पिस्तूल ढिलं आहे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

रिकॉलकडे दुर्लक्ष

ही चूक पैशाची नाही, जिवाची आहे म्हणून नीट वाचा. मार्च 2002 ते फेब्रुवारी 2009 या काळात स्मिथ अँड वेसननं बनवलेल्या पीपीके आणि पीपीके/एस कंपनीनं 2009 मध्ये परत बोलावल्या होत्या, कारण घोडा (हॅमर) खाली उतरवताना चेंबरमधलं काडतूस ट्रिगर न दाबता उडण्याची शक्यता होती. पीपीकेत सेफ्टी खाली केली की घोडा आपोआप पडतो, म्हणजे ज्या क्षणी माणूस निर्धास्त होतो नेमका तोच क्षण धोक्याचा. सेकंडहँड घेताना विक्रेता म्हणतो झालंय काम, पण कागद नसतो. कागद नाही तर सीरियल नंबर घेऊन कंपनीला फोन करा, आणि उत्तर येईपर्यंत ते पिस्तूल भरायचंच नाही, रेंजवर "एकदा बघू" पण नाही. इंटरआर्म्सची यात येत नाहीत, तरी सेफ्टी आधी रिकाम्या चेंबरवरच तपासायची ही माझी सवय कुठल्याही देशाच्या पिस्तुलाला आहे.

बाकी पटापट

जुन्या जर्मन पिस्तुलात पहिल्याच दिवशी होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी घालून जॅम झालं म्हणून बोंब मारू नका, ते गोल टोकाच्या पूर्ण आवरणाच्या गोळीसाठी घडवलेलं आहे, आधी ती चालवा.

अंगठ्याच्या बेचक्याला स्लाइड चावते म्हणून जर्मन डिझाइनला शिव्या देण्याआधी पकड थोडी खाली घ्या. हात मोठा असेल तर स्मिथवाली घ्या, तिची मुठीच्या वर मागे आलेली शेपटी मुद्दाम लांब केलेली आहे. संग्राहक त्या शेपटीला नाकं मुरडतात, मला ती आवडते, रक्त येत नाही.

जुनं पिस्तूल पॉलिश करून नवं ब्लूइंग करू नका. शिक्के पुसट झाले की ते उल्मचं होतं हे कोण मानणार.

ग्रिप आणि मॅगझिन ऑनलाइन मागवताना नुसतं वॉल्थर लिहून ऑर्डर करू नका, पीपीके की पीपीके/एस, कॅलिबर कुठलं, बनवणारा कोण हे सगळं विक्रेत्याला कळवा. इंटरआर्म्सच्या पीपीकेची ग्रिप स्मिथच्या लांब शेपटीवर नीट बसेलच असं नाही, आणि कानस घेऊन बसवायच्या फंदात तर अजिबात पडू नका, परत पाठवा आणि बरोबरची येईपर्यंत थांबा.