कबुतर शेवटी रंगवावे

दुभंगलेल्या शहरात कलेच्या आधारे सलोख्याचे काम करू पाहणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत हमखास एक सूचना ऐकावी लागते : एखादी मोठी भिंत घ्यावी, तिच्यावर पांढरे कबुतर रंगवावे आणि दोन्ही समाजांतील मुलांच्या हस्ते उद्घाटन करावे. ही सूचना वाईट नसते. ती फार लवकर आलेली असते. कामाचा क्रम कसा असावा, हे उत्तर आयर्लंडमधील डेरी या शहराकडे पाहिले म्हणजे नीट उमगते, म्हणून हे टिपण त्या शहराला समोर ठेवून लिहिले आहे.

फॉइल नदीच्या पश्चिमेला बहुसंख्य कॅथलिक वस्ती, पूर्वेला प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती, आणि पश्चिम काठावरच फाउंटन नावाची एक छोटी प्रॉटेस्टंट वसाहत, अशी या शहराची मांडणी आहे. आयर्लंडशी एक होऊ पाहणारे बहुतेक कॅथलिक आणि ब्रिटनसोबत राहू पाहणारे बहुतेक प्रॉटेस्टंट, यांच्या वादातून इथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वर्षे सशस्त्र संघर्ष चालला. नावावरही एकमत नाही. एका बाजूचे ‘डेरी’ म्हणतात, दुसऱ्या बाजूचे ‘लंडनडेरी’. दोन्ही नावे तिरप्या रेषेने जोडून लिहिण्याची पद्धत पडली, तेव्हा गावाला गमतीने ‘स्ट्रोक सिटी’ (स्ट्रोक म्हणजे तिरपी रेषा) म्हणू लागले. यातून घेण्याचा धडा अगदी व्यवहारातला आहे. प्रकल्पाचे नाव, पत्रकाचा रंग आणि बैठकीची जागा या तीन गोष्टी ठरवण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील चारसहा माणसांना त्या स्वतंत्रपणे दाखवाव्यात. तिथे हिरवा आणि नारिंगी हे रंगच पक्ष सांगून जातात. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. नदीचे, रस्त्याचे किंवा जुन्या बाजाराचे नाव सहसा कोणाला खुपत नाही.

कलावंताला बोलावण्यापूर्वी एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचे जाळे असावे लागते. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या कलेसाठी नव्हत्या. परंतु असे काही आधीपासून असेल तर कलाप्रकल्पाने त्याच्या आधाराने उभे राहावे, आणि नसेल तर पहिले सहा महिने घरोघरी चहा पिण्यात गेले तरी ते वाया गेले असे मानू नये.

यानंतर प्रत्येक बाजूला आपली गोष्ट आपल्या भिंतीवर सांगू द्यावी. संयोजकांना ही पायरी सर्वांत अवघड वाटते, कारण ती तेढ वाढवील अशी भीती असते. डेरीच्या बॉगसाइड या कॅथलिक भागात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात तेरा जण मारले गेले आणि एक जखमी पुढे दगावला. तिथल्या तीन चित्रकारांनी, ‘बॉगसाइड आर्टिस्ट्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाने, १९९४ मध्ये घरांच्या उंच बाजूच्या भिंती रंगवायला घेतल्या, त्या वेळी पहिल्या चित्रात कबुतर नव्हते. गॅस मास्क लावलेला, हातात पेट्रोल बॉम्ब घेतलेला एक पोरगा होता. कबुतराचे चित्र २००४ मध्ये झाले, आणि त्याच्या रचनेत दोन्ही समाजांच्या मुलांचा सहभाग होता. मधली दहा वर्षे वस्तीने आपले दुःख स्वतःला दाखवण्यात घालवली. १९७१ मध्ये गोळी लागून मेलेल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचे जे चित्र तिथे आहे, त्यातील फुलपाखराची आधी केवळ बाह्यरेषा काढली होती, कारण शांतता टिकेल याची चित्रकारांना खात्री नव्हती. २००६ मध्ये ते रंगवले आणि बाजूची बंदूक मोडलेली दाखवली. न झालेले ऐक्य झाल्यासारखे दाखवू नये, हा नियम याहून चांगला कसा शिकवता येईल, मला सांगता येणार नाही. याच शहरातील मॉरिस हॅरन यांच्या १९९२ च्या शिल्पातही दोन पुरुष एकमेकांकडे हात पुढे करतात, पण बोटे टेकत नाहीत.

भिंत रंगवण्यापेक्षा तोंडाने सांगणे अधिक जोखमीचे आहे. डेरीच्या ‘प्लेहाउस’ या नाट्यगृहात टेया सेपिनक यांनी २००९ पासून जे प्रयोग केले, त्यांत माजी लढवय्ये, पोलीस दलात राहिलेले आणि ज्यांची माणसे मारली गेली असे लोक स्वतःच रंगमंचावर उभे राहून आपली हकिकत सांगत. हकिकती मुलाखतींतून घेतल्या जात आणि संहिता त्यांच्याच शब्दांतून बांधली जाई. असा प्रयोग करायचा असल्यास तीन अटी कागदावर असाव्यात : सांगणाऱ्याला शेवटच्या तालमीपर्यंत कोणतेही वाक्य काढून टाकता यावे, त्याच्या घरच्यांना मजकूर आधी कळावा, आणि प्रयोगानंतर रात्री त्याच्यासोबत कोण थांबणार, हे नावानिशी ठरलेले असावे. ही शेवटची अट संयोजक विसरतात. टाळ्या संपल्यावर माणूस आपल्याच वस्तीत परत जातो आणि तिथे त्याला काय ऐकावे लागेल, याचा अंदाज घेतल्याखेरीज पडदा उघडू नये.

दोन्ही बाजूंना एकत्र आणण्याची वेळ आली म्हणजे चर्चेसाठी बोलावू नये, कामासाठी बोलावावे, आणि ते काम शहराला आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या रिवाजातून काढावे. डेरीत मोठ्या होळ्या पेटवण्याची परंपरा आहे. प्रॉटेस्टंट वस्त्यांत ती ११ जुलैच्या रात्री, कॅथलिक वस्त्यांत ऑगस्टमध्ये. आणि दोन्हीकडे समोरच्यांचे झेंडे जाळण्याची खोड. अमेरिकन कलावंत डेव्हिड बेस्ट आणि ‘आर्टिचोक’ या संस्थेने २०१५ मध्ये हाच जाळ उचलला. पूर्वेकडच्या टेकडीवर जाळीदार कोरलेल्या लाकडी फळ्यांचे एक उंच मंदिर स्थानिक लोकांच्या हातांनी उभे राहिले. लोक रांगा लावून आत गेले, गेलेल्या माणसांची नावे फळ्यांवर लिहिली, चिठ्ठ्या आणि फोटो ठेवले, आणि २१ मार्चच्या रात्री सर्वांच्या देखत ते पेटवण्यात आले. आत कोणी कोणाचे नाव लिहिले, हे विचारणारे कोणी नव्हते. फळी धरायला एक आणि खिळा ठोकायला दुसरा लागतो, एवढी साधी गरजही अनोळखी माणसांना तासभर शेजारी उभे करते. म्हणूनच एकट्याने करता येणार नाही असेच काम निवडावे.

पैशाबाबत थोडक्यात : कलावंतांना आणि मदतनिसांना मानधन द्यावे, दोन्ही वस्त्यांतून समान संख्येने घ्यावे, आणि हिशेब महिन्याला फलकावर लावावा. सराव संध्याकाळी उशिरा ठेवू नये. अंधारात दुसऱ्या वस्तीतून घरी परतण्याची भीती हे गैरहजेरीचे मोठे कारण असते, जरी हजेरीपटावर ते ‘तब्येत बरी नाही’ असे लिहिले जाते.

जुने आक्रमक चित्र काढून टाकायचे असल्यास अधिकच सबुरी लागते. उत्तर आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने, म्हणजे कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००६ मध्ये यासाठी खास योजना सुरू केली; बेलफास्टच्या शँकिल भागात सशस्त्र गटांची काही चित्रे तिच्या आधारे बदलली गेली. भिंत ज्याच्या घराची त्याची लेखी संमती, वस्तीतल्या वजनदार माणसांशी उघड बोलणे, आणि जुन्या चित्राचा नीट फोटो काढून तो वस्तीच्या स्वाधीन करणे, एवढे झाल्याशिवाय पहिला ब्रश लावू नये. नव्या चित्राचा विषय रहिवाशांनीच ठरवावा. तो फुटबॉलपटू निघाला, तरी संयोजकांनी नाक मुरडू नये.

बाहेरच्या भिंतीवरचा रंग चारपाच पावसाळ्यांत उडू लागतो. म्हणून एकूण रकमेचा दहावा हिस्सा सुरुवातीलाच डागडुजीसाठी वेगळा ठेवावा, रंगांचे नेमके क्रमांक एका वहीत लिहावेत, आणि रंगकामाची परांची ठेवण्याच्या खोलीची एक किल्ली एका वस्तीत तर दुसरी किल्ली दुसऱ्या वस्तीत असावी.