लंबकाचा प्रयोग वर्गात घेताय? या चुका टाळा

वैज्ञानिक पद्धत शिकवायला लंबकाइतका स्वस्त प्रयोग शोधून सापडणार नाही. दोरा, चार-पाच नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढ्यावर काम भागतं. काही पेटवायचं नाही, ॲसिड नाही, उन्हाची वाट पाहायची नाही. सहावीपासून अकरावीपर्यंत कुठेही चालतो. तरी बऱ्याच वर्गांत प्रयोग आटोपल्यावर मुलांकडे उरतं ते एकच वाक्य: ‘दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो.’ (दोलनकाल म्हणजे एका पूर्ण झोक्याला, गोळा जाऊन परत यायला, लागणारा वेळ.) ते वाक्य पुस्तकात छापलेलं होतंच. त्यासाठी बाकं सरकवायची आणि दोरे बांधायची काय गरज होती?

मेख अशी आहे की आपण प्रयोग ‘यशस्वी’ करायला निघतो. अपेक्षित उत्तर आलं की सुटलो. पण पद्धत शिकवायची असेल तर चुकीचा आलेला आकडा हाच त्या तासिकेतला सगळ्यात कामाचा माल असतो. तो कुठून आला हे मुलांनी हुडकून काढायला हवं. खालच्या बहुतेक चुका या हुडकण्याची संधी घालवणाऱ्या आहेत.

उद्देशातच उत्तर लिहून टाकणं

फळ्यावर पहिली ओळ काय असते? ‘उद्देश: लंबकाचा दोलनकाल गोळ्याच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो हे सिद्ध करणे.’ संपलं. आता कुठलंही मूल वेगळा आकडा लिहायचं धाडस करणार नाही.

त्याऐवजी प्रश्न लिहा: ‘दोऱ्याला जड गोळा लावला तर दहा झोके लवकर होतील, उशिरा होतील, की तेवढ्याच वेळात होतील?’ प्रत्येकाने आपलं उत्तर आणि त्याचं कारण वहीत पेनाने लिहायचं. पेन्सिलीने नको, नंतर खोडतात. कारणं ऐकण्यासारखी असतात. कुणी म्हणतं, जड वस्तू जोरात खाली येते म्हणून लवकर. कुणाला नागपंचमीचा झोका आठवतो: दोघी बसल्या की ढकलायला जड जातं, म्हणजे उशीर होणार. दोन्ही कारणं अनुभवातून आलेली आहेत आणि दोन्ही तपासता येतात. गृहीतक म्हणजे हेच. ‘मला वाटतं लवकर होईल’ एवढ्यावर सोडू नका, ‘का वाटतं’ हे लिहून घ्याच. कारण नसलेला अंदाज चुकला तरी मुलाला त्यातून काही मिळत नाही.

गॅलिलिओ आणि पिसाच्या कॅथेड्रलमधल्या झुंबराची गोष्ट आधी सांगायचा मोहही आवरा. एक तर त्यात उत्तर फुटतं. दुसरं, ती गोष्ट त्याच्या विव्हियानी या शिष्याने लिहून ठेवली, प्रसंग 1583 चा सांगितला, आणि ज्या झुंबराकडे आज बोट दाखवलं जातं ते 1587 साली टांगलेलं आहे.

वजन बदलताना लांबीही बदलते

हा या प्रयोगातला सगळ्यात मोठा सापळा. मुलं वजन वाढवायला काय करतात? पहिल्या नटाखाली दुसरा नट बांधतात, त्याखाली तिसरा. दिसायला फक्त वजन वाढलं. पण लंबकाची लांबी मोजायची असते ती टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूपर्यंत), आणि माळ लांबली की तो मध्य खाली सरकतो.

आकड्यांत बघा. एका नटासह लांबी 30 सेंटिमीटर ठेवली तर दहा झोक्यांना साधारण 11.0 सेकंद लागतात. दोन-दोन सेंटिमीटरवर पाच नटांची माळ केली की मध्य 4 सेंटिमीटर खाली जातो, लांबी 34 होते आणि दहा झोक्यांना 11.7 सेकंद लागतात. फरक चांगला 0.7 सेकंदाचा, प्रत्येक वेळी येणारा. मुलं प्रामाणिकपणे लिहितात: ‘वजन वाढवलं की वेळ वाढतो.’ त्यांच्या आकड्यांवरून हेच निघतं!

इथे शिक्षक दोनपैकी एक करतात. ‘चुकलं, पुन्हा करा’ म्हणतात किंवा ‘पुस्तकात बघा’ म्हणतात. दोन्ही टाळा. फळ्यावर हे आकडे मांडा आणि विचारा: नट वाढवताना वजनाशिवाय आणखी काय बदललं? मोजपट्टी घेऊन लंबकाजवळ पाठवा. कुणीतरी बरोबर पकडतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या सांभाळायच्या, हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा असा सापडलेला बरा. मग उपाय त्यांनाच सुचवू द्या. सगळे नट एकाच तारेच्या आकड्यात शेजारी-शेजारी अडकवले की मध्य जवळपास जागेवर राहतो. औषधाची छोटी प्लास्टिकची बाटली वापरायची तर एकदा पूर्ण रिकामी आणि एकदा काठोकाठ भरलेली घ्या. अर्धी भरलेली घेतली तर मध्य पुन्हा खाली गेला आणि घोळ पुन्हा सुरू. रिकाम्या बाटलीचे झोके हवेमुळे लवकर लहान होत जातील, हेही मुलांच्या नजरेला येऊ द्या.

दोरा लोकरीचा किंवा इलॅस्टिकचा नको, वजनाने ताणला जातो आणि लांबी गुपचूप बदलते. शिवणकामाचा जाड दोरा उत्तम. लंबक हातात धरून झुलवू देऊ नका, हातही झोक्याबरोबर हलतो. बाकाच्या कडेबाहेर काढलेल्या जाड लाकडी पट्टीला बांधा आणि पट्टीवर दप्तरं ठेवा.

दहा मोजले, झाले नऊ

गोळा सोडताक्षणी स्टॉपवॉच सुरू होतं आणि मोजणारा ओरडतो ‘एक!’ पुढे ‘दहा’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात नऊच झोके झालेले असतात. 50 सेंटिमीटरच्या लंबकाला दहा झोक्यांसाठी 14.2 सेकंद लागायला हवेत, या गटाचे 12.8 येतात.

या चुकीची गंमत अशी की पुन्हापुन्हा मोजूनही ती उघडी पडत नाही. तिन्ही वेळा 12.8 च्या आसपासच येणार आणि मुलं खूश, आकडे जुळले! ‘तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा’ हा आपला ठरलेला मंत्र इथे काहीच करत नाही. सरासरीने हाताची वर-खाली होणारी चूक कमी होते, एकाच दिशेने होणारी चूक तशीच राहते. हा फरक सांगून समजत नाही, दाखवावा लागतो.

दाखवायचा असा: त्याच गटाला वीस झोके मोजायला सांगा. दहाला 12.8 आले तर वीसला 25.6 यायला हवेत. येतात 27.0. जास्तीचे 1.4 सेकंद कुठून आले? बरोबर एका झोक्याएवढे आहेत. थोडा वेळ द्या, कुणीतरी ‘शून्यापासून मोजायचं होतं’ म्हणतंच. मग ‘तीन, दोन, एक, शून्य’ अशी उलटी मोजणी लावून द्या आणि शून्याला बटण दाबा.

एकाच झोक्याची वेळ घेणं ही याची धाकटी बहीण. बटण दाबताना हाताला 0.2 सेकंदाचा उशीर सहज होतो. एका सेकंदाच्या झोक्यात तो 20 टक्के, दहा झोक्यांत 2 टक्के. शिवाय मुलं झोका टोकाला गेल्यावर बटण दाबतात. तिथे गोळा क्षणभर थबकल्यासारखा दिसतो, नेमकी वेळ कळत नाही. मागे कागदावर उभी रेघ मारा आणि गोळा मधल्या रेघेवरून त्याच दिशेने जाताना मोजा. पहिला झोका मोजू नका. आणि गोळा ढकलू नका, नुसता सोडा.

झोका किती मोठा घ्यायचा?

पुस्तक म्हणतं लहान कोन घ्या, म्हणजे सोडताना दोरा उभ्या रेषेपासून थोडाच बाजूला न्या. का ते सांगत नाही, आणि आपणही नियम म्हणून पुढे ढकलतो. गॅलिलिओचं मत होतं की झोका मोठा असो वा लहान, वेळ तेवढाच लागतो. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने 1656 साली लंबकाचं घड्याळ घडवलं आणि 1673 साली दाखवून दिलं की वर्तुळाच्या कंसात झुलणाऱ्या लंबकाला हे काटेकोरपणे लागू नाही. 10 अंशांवर फरक 0.2 टक्के, 30 अंशांवर जेमतेम पावणेदोन टक्के, 60 अंशांवर मात्र 7 टक्क्यांहून जास्त.

आता एक मीटरच्या लंबकाचे दहा झोके धरा, 20.1 सेकंद. 10 अंशांमुळे त्यात 0.04 सेकंद वाढतात. हे तुमच्या बोटाला पकडता येणार नाही. म्हणून ‘कोनाचा परिणाम होत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला ‘आमच्या मोजणीत फरक दिसला नाही’ असं लिहायला लावा. माझ्या मते संपूर्ण प्रयोगात शिकवण्यासारखं एकच वाक्य निवडायचं तर मी हेच निवडेन.

प्रयोगवहीतली साफसफाई

निरीक्षण तक्त्यात 14.2, 14.3, 14.2 आणि मध्येच 15.6. चौथा आकडा वही पक्की करताना गायब होतो. मुलांना दोष देऊ नका. दहावीला प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात आणि नीटनेटक्या वहीने ते मिळतात, हे त्यांना आपणच शिकवलेलं आहे. उपाय सोपा आहे. कच्ची वही हीच खरी वही माना, खाडाखोड चालेल, पण आकडा एका रेघेने कापायचा, वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं: ‘एक झोका जास्त मोजला’, ‘गोळा पट्टीला घासला’. कारण सापडलं नाही तर आकडा राहील. गुण द्यायचेच तर या कारणांना द्या. शेजारच्या गटाचे आकडे उतरवण्यात मग कुणाला रस उरत नाही.

अनुमान आधी ठरलेलं असणं

लंबक बाजूला ठेवून पेटत्या मेणबत्तीकडे बघू. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करायची, वर ग्लास उपडा घालायचा, ज्योत विझते, पाणी वर चढतं. ‘साधारण एक पंचमांश चढलं, म्हणजे हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो हे सिद्ध झालं.’ हे कित्येक पिढ्या चाललं आहे. पण तेवढ्याच ग्लासात एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन तर वाढला नाही! नीट पाहिलं तर ग्लास घालताना कडेने बुडबुडे निघताना दिसतात आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढतं. तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकसली. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच मेणबत्ती विझते. आकडा पुस्तकाशी जुळला म्हणून कुणी दुसरी मेणबत्ती लावून पाहिली नाही, एवढीच गोम. ‘सिद्ध झाले’ हा शब्द वर्गात जपून वापरा.

लांबी शेवटी, आणि भाकितासह

लांबीचा परिणाम सगळ्यांना दिसतो, म्हणून तो घाईत उरकला जातो. तसं करू नका, भाकीत करून बघायची खरी संधी इथेच आहे. आधी 25 आणि 50 सेंटिमीटरच मोजू द्या. दहा झोक्यांना अनुक्रमे 10.0 आणि 14.2 सेकंद येतील. मग मोजण्याआधी विचारा: एक मीटरला किती? बहुतेक जण सरळ हिशोब मांडतात: 25 सेंटिमीटरला 4.2 सेकंद वाढले, तर आणखी 50 ला 8.4, म्हणजे 22.6. काही जण म्हणतात, लांबी चौपट म्हणून वेळही चौपट, 40. फळ्यावर सगळी भाकितं नावांसकट लिहा आणि मग मोजा. 20.1 येतात. अडीच सेकंदांचा फरक बोटाच्या उशिरात बसत नाही, त्यामुळे सरळ रेषेचं गृहीतक टाकून द्यावंच लागतं. आठवी-नववीच्या मुलांना लांबी चौपट, वेळ दुप्पट हे आता स्वतः दिसेल. सहावीत वर्गमूळाचं नाव काढायची गरज नाही, आलेख काढून रेघ वाकते एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात चार-चारचे गट करा: एक सोडणारा, एक मोजणारा, एक स्टॉपवॉचवाला, एक लिहिणारा, आणि दर फेरीला कामं फिरवा. एका तासिकेत वजन, कोन आणि लांबी तिन्ही कोंबू नका. एकच तासिका मिळणार असेल तर कोन सोडा, वजन ठेवा, आणि लांबी दुसऱ्या दिवशी घ्या. उभं राहून झोका घेतला तर तो लवकर परततो का, हा प्रश्न घरी न्यायला द्या. उभं राहिलं की शरीराचा गुरुत्वमध्य वर जातो, लांबी कमी होते. पण हे तुम्ही सांगू नका, दुसऱ्या दिवशी मुलं झोक्यावर मोजून आणतात.