अमेरिकेच्या पश्चिमेची जुनी पाकिटं: टपाल-इतिहासाचा संग्रह कसा सुरू करावा

तिकीट पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवायचं, वर्तमानपत्रावर सुकवायचं आणि वहीत लावायचं, हे आपण शाळेत शिकलो. टपाल-इतिहास गोळा करायचा असेल तर ही सवय आधी मोडा. इथे अख्खं पाकीट जपायचं असतं. तिकीट, गावाचा शिक्का, पत्ता, कोपऱ्यात शाईने लिहिलेला शेरा हे सगळं एकत्र वाचलं, तरच १८५७ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं पत्र न्यूयॉर्कला कसं पोचलं ते उलगडतं. सोडवलेलं तिकीट यातलं काहीच सांगू शकत नाही.

१. छोटा तुकडा निवडा

बहुतेकांना पहिली ओढ लागते ती पोनी एक्सप्रेसची. ३ एप्रिल १८६० ला ही सेवा सुरू झाली. मिसुरीतलं सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो हे सुमारे १,९०० मैलांचं अंतर घोडे आणि स्वार बदलत साधारण दहा दिवसांत कापलं जाई. अर्ध्या औंसाच्या पत्राला सुरुवातीला ५ डॉलर पडत. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्राची लाइन पश्चिम किनाऱ्यापर्यंत जोडली गेली आणि घोड्यांची गरज संपली. दीड वर्षाच्या या महागड्या सेवेची फार थोडी पाकिटं उरली आहेत आणि ती लिलावात हजारो डॉलरना जातात. त्यांचे फोटो मन भरून पाहा, पण सुरुवात तिथून करू नका.

माझा सल्ला असा, की एखादी ‘टेरिटरी’ धरा. राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा, केंद्र सरकारच्या ताब्यातला प्रदेश म्हणजे टेरिटरी. डाकोटा १८६१ ते १८८९, मोंटाना १८६४ ते १८८९, वायोमिंग १८६८ ते १८९०, ॲरिझोना थेट १८६३ ते १९१२. काळाची हद्द आखलेली असल्यामुळे संग्रह भरकटत नाही.

२. दर पाठ करा

पाढे पाठ केले तसेच. १ जुलै १८५१ पासून अर्ध्या औंसाच्या, आधी पैसे भरलेल्या पत्राला ३,००० मैलांच्या आत ३ सेंट आणि त्यापलीकडे ६ सेंट. १ एप्रिल १८५५ पासून ६ चे १० झाले. १ जुलै १८६३ ला अंतराचा भेदच गेला आणि देशभर ३ सेंट झाले. १ ऑक्टोबर १८८३ पासून २ सेंट.

एवढ्या चार तारखांवर पुष्कळ काही ओळखता येतं. १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेलेल्या साध्या पाकिटावर ३ सेंटचं एकच तिकीट दिसलं, तर थांबा, कारण त्या अंतराचा दर १० सेंट होता. एखादं तिकीट गळून पडलं असेल, किंवा कुणी नंतर चिकटवलं असेल.

३. मार्ग शोधा

१८५८ च्या सप्टेंबरात जॉन बटरफील्ड यांच्या कंपनीची घोडागाडीची टपालसेवा सुरू झाली. मिसुरीहून एल पासो, टूसान, लॉस एंजेलिस करत सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २,८०० मैल, मुदत २५ दिवस. त्याआधीपासून बहुतेक टपाल जहाजाने पनामामार्गे जाई. म्हणून ज्यांना गाडीनेच पत्र पाठवायचं होतं ते सुरुवातीला पाकिटावर ‘ओव्हरलँड’ (जमिनीवरून) असं लिहीत. अशा छोट्याशा शेऱ्यासाठी जाणकार संग्राहक जास्त पैसे मोजतात, आणि ते योग्यच आहे.

वेल्स फार्गोची पाकिटं नवशिक्यासाठी उत्तम. १८५२ मध्ये निघालेली ही कंपनी १८९५ पर्यंत पत्रं नेत होती. कायद्याने सरकारी टपालखर्चही भरावा लागे, म्हणून सरकारी छापील तिकिटाच्या पाकिटावरच कंपनी आपली छाप उमटवी. दोन्हीचे पैसे भरूनही खाणकामगारांच्या वस्त्यांतली माणसं कंपनीकडेच पत्र देत, कारण तिच्या कचेऱ्या जवळ होत्या आणि तिच्यावर भरवसा होता.

४. साल ठरवा

त्या काळच्या अनेक शिक्क्यांत दिवस आणि महिना असतो, साल नसतं. काही लहान गावांत तर शिक्काच नसे, पोस्टमास्तर हाताने गावाचं नाव लिहीत. समजा, डेडवूड, डाकोटा असा शिक्का आहे आणि ३ सेंटचं हिरवं तिकीट आहे. हे तिकीट १८७० पासूनचं, ३ सेंटचा दर १८८३ मध्ये संपला, आणि डेडवूड उभं राहिलं ते १८७६ च्या सोन्याच्या शोधात. म्हणजे पाकीट बहुधा १८७६ ते १८८३ मधलं. आत पत्र असेल किंवा मिळाल्याची तारीख पाठीमागे कुणी टिपली असेल, तर नेमकं सालही सापडतं.

गावाचाच पत्ता लागत नसेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पोस्टमास्तरांच्या नेमणुकांची नोंद बघा. १८३२ पासूनच्या त्या नोंदींत पोस्ट ऑफिस कधी उघडलं, कधी बंद झालं ते सापडतं. कितीतरी खाणगावं नकाशावरून पुसली गेली, त्यांचं नाव फक्त तिथे आणि एखाद्या पाकिटावर उरलं आहे.

५. खरेदी

महाग पाकीट अस्सलपणाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी तपासून प्रमाणपत्र देतात. स्वतःही भिंग घेऊन पाहा. तिकिटावरून पाकिटावर आलेली शिक्क्याची रेघ काठाशी तुटते का? दोन्हीकडची शाई एकाच रंगाची आहे का? वेस्टर्न कव्हर सोसायटी ही याच विषयाला वाहिलेली संस्था आहे, तिथले लेख जरूर वाचा.

६. जपणूक

पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातून निघणारी द्रव्यं कागद खराब करतात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या. चिकटपट्टी कधीही लावू नका. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि कसर लागली नाही ना, हे अधूनमधून बघा.

७. पाकिटाची गोष्ट लिहा

प्रत्येक पाकिटाला एक वेगळा कागद जोडा: दर, मार्ग, साल, कुणाचं कुणाला. पाकिटावर पेन्सिलनेही लिहू नका. या कागदावर जमिनीचाही इतिहास लिहा. इंडियन टेरिटरीतल्या (आजच्या ओक्लाहोमातल्या) टाहलेक्वाचा शिक्का हाती आला, तर ती चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांच्या राष्ट्राची राजधानी होती आणि १८३८-३९ मध्ये चेरोकींना पूर्वेकडच्या त्यांच्या गावांतून हुसकून तिकडे नेलं होतं, हे त्या पानावर असायलाच हवं.