एका घराची दोन बिऱ्हाडं कशी करावीत?

सोलापुरात एजंटाला 'ड्युप्लेक्स' म्हटलं की तो आतून जिना असलेलं दुमजली घर दाखवतो. मी सांगतोय ते वेगळं आहे. आहे त्याच घराची दोन स्वतंत्र बिऱ्हाडं करायची, एकात आपण राहायचं आणि दुसरं भाड्याने द्यायचं. पूर्व भागात कितीतरी घरांत पुढे यंत्रमागाची लांब खोली आणि मागे राहणं असतं. माग बंद पडले की ती खोली अडगळीची होते. खरं तर दुसऱ्या बिऱ्हाडाला ती सोन्यासारखी, कारण तिला रस्त्याकडे स्वतःचं दार आधीच असतं.

आधी कागद काढा. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती. घर भावाभावांच्या नावावर असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, कर्ज चालू असेल तर बँकेला विचारा. मग परवानाधारक इंजिनिअरकडून महापालिकेची बांधकाम परवानगी काढा. बाहेरून जिना काढायचा असेल तर हे टाळूच नका. जिना बाजूच्या मोकळ्या जागेत येतो आणि तिथेच नियम आडवे येतात.

हातोडा लावण्याआधी कोणती भिंत छताचा भार घेते ते इंजिनिअरकडून खडूने खुणावून घ्या. जुन्या घरांत नऊ इंची भिंत बहुधा भाराची असते; माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत, असेल तर त्या भिंतीला हातच लावू नका. दोन बिऱ्हाडांमधली नवी भिंतही नऊ इंचीच बांधा. साडेचार इंचीतून पलीकडचा टीव्ही ऐकू येतो आणि चांगला भाडेकरू वर्षाच्या आत दुसरं घर बघतो.

नवं स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम जुन्याला पाठीला पाठ लावून घ्या, पाइप वाचतो. चार इंची ड्रेनेज पाइपला दर दहा फुटांना तीन इंच उतार द्या आणि फरशी बसवण्याआधी बादलीभर पाणी सोडून स्वतः बघा.

पण आपल्याकडे सगळा खेळ पाण्याचा आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर चौघांना ५४० लागतात; चार दिवसांचं अंतर धरा, म्हणजे एका बिऱ्हाडाला साधारण २,२०० लिटर साठवण हवी. हौद एक चालेल, गच्चीवरच्या टाक्या मात्र दोन ठेवा, व्हॉल्व्हही वेगळे. पाणी पहाटे आलं तर मोटार कोणी लावायची हे पहिल्याच दिवशी ठरवा.

विजेचंही तसंच. आम्ही सुरुवातीला एकाच मीटरवर दोन घरं चालवली. युनिट वाढले की दरही वाढतो. उन्हाळ्यात दोन्हीकडे कूलर लागले आणि बिलावरून दर महिन्याला वाद. महावितरणकडून दुसरा मीटर घ्या. माग चालत होते तिथली जोडणी घरगुती करून घ्या.

खर्च वसूल कधी होतो? उदाहरण म्हणून ६ लाख घातले आणि भाडं ७,००० आलं असं धरा. वर्षातला एक महिना घर रिकामं गेलं तर हाती ७७,०००. दुरुस्ती आणि घरपट्टीचे १२,००० वजा केले की ६५,००० उरतात, म्हणजे नऊ वर्षांच्या वर. कर्ज काढून करणार असाल तर हा आकडा हप्त्याशेजारी मांडून मगच ठरवा. प्राप्तिकरात भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, तीही हिशोबात धरा.

करार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. किल्ली देताना दोघांनी मिळून मीटरसमोर उभं राहा, रीडिंगचा फोटो काढा आणि तो आकडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.